मुलींचा तक्ता

डॉ. हेमराज उईके यांनी पडद्यावर दोन फुप्फुसलेख शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, "मॅडम, यातला मुलगा कुठला आणि मुलगी कुठली?"

डॉ. मंजिरी भोयर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. फुप्फुसातल्या धाग्यांवर आठवड्यागणिक उमटणाऱ्या रेघांचं हे वाचन तिनंच शोधून काढलं होतं. अकरा वर्षांत तिनं इतके लेख पाहिले होते, की नाव झाकलं तरी बाळ मुलगा की मुलगी हे ती नुसत्या नजरेनं सांगायची. मुलाच्या लेखातल्या रेघा जाड असत, मुलीच्या बारीक. पण या दोन लेखांतल्या रेघा सारख्याच जाड होत्या.

"दोन्ही मुलगे आहेत," ती म्हणाली.

"डावीकडची मुलगी आहे. दहा महिन्यांची."

मंजिरीनं क्रमांक तपासला, दिनांक तपासला, यंत्राची जुळणीही तपासली. कुठंच काही चुकलं नव्हतं. नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत दुपारच्या वेळी दोघंच होते. उईके गडचिरोलीकडचे, वयानं तिच्याहून बारा वर्षांनी लहान आणि बोलायला सावकाश.

"मी पहिल्यापासून सांगतो," ते म्हणाले. "कुठं चुकलो तर थांबवा. वायुकोशांच्या भिंतीत मेदतंतुपेशी असतात. बाळ दूध पितं आणि त्यातला मेद थेंबाथेंबानं या पेशींत साठतो. त्या थेंबाचे वाटेकरी दोन. एक शेजारची पेशी. ती त्या मेदापासून वायुकोशाचं अस्तर बनवते. ते नसेल तर कोश आतून चिकटतात आणि बाळाचा श्वासच थांबतो. दुसरी वाटेकरी ती स्वतः. थेंब भरलेला असला की ती लवचीन कातते."

लवचीन हा शब्द मंजिरीनंच घडवलेला. फुप्फुस ताणलं की त्याला परत मूळ जागी आणणाऱ्या धाग्याचं हे प्रथिन.

"आणि बाळ उपाशी राहिलं तर?" उईकेंनी विचारलं.

"तर पेशी कातणं थांबवते आणि असेल नसेल तो मेद शेजारणीला देऊन टाकते," मंजिरी म्हणाली. "आजचा श्वास आधी, उद्याचं फुप्फुस नंतर. त्या आठवड्याची रेघ बारीक पडते."

"ती पुढं कधी भरून निघते?"

"दोन वर्षांच्या आत पोटभर मिळालं तर निघते. दोन वर्षांनंतर कारखाना बंद. मग माणसानं तूप पीत आयुष्य काढलं तरी नवा धागा निघत नाही. जो निघाला तोच मरेपर्यंत पुरवायचा. हेमराज, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. तुम्हाला काय म्हणायचंय?"

उईकेंनी आणखी बारा लेख उघडले. एका संगोपनगृहात सोडून दिलेली चौदा बाळं होती, सात मुलगे आणि सात मुली. तिथं कुणाच्या मांडीवर कोण आधी हा प्रश्नच नव्हता. बाळाचं वजन करायचं, त्या मापानं यंत्र बाटली भरणार, आणि बाटली रिकामी झाली की नोंद आपोआप होणार. तक्त्यात मुलग्यांची सरासरी जाडी शंभर धरली होती; त्या मापानं या चौदांतल्या मुलांची शंभर निघाली होती, मुलींची नव्व्याण्णव.

"चौदा म्हणजे काहीच नाही," मंजिरी म्हणाली. "आपल्याकडं बाराशे प्रौढ भावाबहिणींची वाचनं आहेत. बहिणींची सरासरी अठ्ठ्याहत्तर येते. सगळीकडं तेच."

"बाराशे घरं," उईके म्हणाले. "आणि त्यांच्या मुळाशी एक जुळी जोडी. तुम्ही आणि तुमचे भाऊ. रोजच्या पाजण्याची लेखी नोंद त्या एकाच जोडीची होती. दोघांना सारखं दूध, तरी मुलीची रेघ बारीक. तिथूनच आपण म्हटलं, की मुलींचं फुप्फुस मुळात असंच असतं आणि त्यांचा तक्ता वेगळा हवा." ते तिच्याकडं वळले. "मॅडम, ती नोंद कुणी ठेवली होती?"

"माझ्या आईनं. ती परिचारिका होती. तिच्या नोंदीत तीस वर्षांत कुणाला खाडाखोड सापडली नाही."

"हो," उईके म्हणाले. "मीही पाहिलीय ती वही. एकही खाडाखोड नाही."

मंजिरीच्या तक्त्यांवर उभं असलेलं प्राणकोश मिशन चार जिल्ह्यांत सहा वर्षं चालू होतं. प्रत्येक बाळाचं दोन वर्षांच्या आत वाचन व्हायचं. आपल्या गटाच्या सरासरीच्या पाऊणपटीहून रेघ बारीक असली, की यंत्रावर लाल दिवा लागे आणि बाळाला मेदपूरक आहाराचा डबा सुरू होई. मुलांचा गट वेगळा, मुलींचा वेगळा. मुलग्याला पंच्याहत्तरच्या खाली डबा मिळे, मुलीला साडेअठ्ठावन्नच्या खाली. बासष्टची मुलगी आली की यंत्र हिरवा दिवा दाखवत असे. मुलीच्या मानानं ठीक आहे, असं सांगून सिस्टर आईला घरी पाठवत.

मंजिरीनं त्या संध्याकाळी नोंदींच्या साठ्याला एकच प्रश्न विचारला. साडेअठ्ठावन्न आणि पंच्याहत्तर यांच्या मधल्या मुली किती? उत्तर आलं, एक्केचाळीस हजार. त्यातल्या बत्तीस हजारांची दोन वर्षं उलटून गेली होती.

*

दुसऱ्या दिवशी ती तुमसरला गेली. आई जुळ्या भावाकडं, मंदारकडं राहायची. मंदार तांदळाच्या गिरणीवर गेला होता. एकोणपन्नासाव्या वर्षीही तो रोज सकाळी तलाव पोहून पार करी. मंजिरी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबायची. आपण लहानपणापासून पुस्तकी किडा, म्हणून दम लागतो, अशी तिची समजूत होती.

पुष्पलता भोयर म्हणजे पंचक्रोशीतल्या पुष्पा सिस्टर. सत्त्याहत्तर वर्षांच्या, ताठ बसणाऱ्या, अजूनही नखं स्वच्छ कापणाऱ्या. मंजिरीनं प्रवासभर जुळवलेली प्रस्तावना दारातच गळून पडली.

"आई, तू मला दूध पाजत होतीस का?"

आईनं तिच्याकडं पाहिलं. काय विचारलं, असं तिनं विचारलं नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग ना."

"पाजत होते. पुरत नव्हतं," आई म्हणाली. "बाळंतपणानंतर मला मुदतीचा ताप आला. एका बाजूचं दूधच आटलं. जंगलपट्टीतलं ते उपकेंद्र, पावडरीचा डबा महिन्याला एक यायचा. एका लेकराचा होता तो, दोघांचा नव्हता मंजू."

"मग अर्धा अर्धा का नाही दिलास?"

"अर्ध्या अर्ध्यात दोन्ही गेले असते तर?" आईचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "मंदार लई रडायचा. घर डोक्यावर घ्यायचा. तू रडत नव्हतीस. तांदळाची पेज पाजली की पडून राहायचीस वरती बघत. रडणाऱ्याला पाजलं जातं, पोरी. मी काही ठरवून नाही केलं."

"किती दिवस?"

"तू चालायला लागलीस तोवर. चौदाव्या महिन्यात चाललीस तू."

"आणि वहीत रोज दोघांचं सारखं लिहिलंस."

"मग काय लिहू? गावातल्या बायांना पोरीला पाजा म्हणून मीच सांगत फिरायची. माझ्याच घरी कमी वजनाची पोर निघाली असती तर तोंड कुठं दाखवलं असतं?" आईनं पदर सोडला आणि मंजिरीच्या हातावर हात ठेवला. "पण तू तर डॉक्टर झालीस नं. देशात नाव आहे तुझं. मग काय कमी पडलं तुला?"

मंजिरीला त्या हाताची किळस आली नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं. आईची बोटं गार होती. तिनं एवढंच म्हटलं, "आई, तुझ्या वहीवरून मी सगळ्या मुलींचं माप ठरवलं. हजारो मुली उपाशी असून पोटभर ठरल्या. समितीपुढं तुला हे सांगावं लागेल. फक्त एकदा."

आईनं मान डोलावली.

*

मिशनच्या नियंत्रण समितीचे अध्यक्ष डॉ. विश्राम दाभाडे सभ्य गृहस्थ होते. चौदा बाळांचे लेख त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि चष्मा काढून पुसला.

"मंजिरीताई, एका बाजूला चौदा बाळं आणि दुसरीकडं सहा वर्षांत वाचलेल्या दीड लाख मुली. त्या दीड लाख मुलींची सरासरी तुमच्या मूळ तक्त्याशी तंतोतंत जुळते. आकडे तुमच्याच बाजूनं उभे आहेत, आणि तुम्हीच त्यांच्या विरुद्ध बोलताय."

"त्या दीड लाख मुलीही अर्धपोटीच आहेत, म्हणून जुळते," मंजिरी म्हणाली. "आपण भुकेल्या मुलींची सरासरी काढली आणि तिला निसर्ग म्हटलं. तक्ता दर महिन्याला नव्या वाचनांवरून स्वतःला सुधारतो, म्हणजे भूक जितकी पसरेल तितकी ती नैसर्गिक ठरेल."

"तर्क चांगला आहे. पुरावा?"

"ज्या वहीवरून पहिला तक्ता झाला ती खोटी आहे. लिहिणारी बाई स्वतः सांगेल."

पडद्यावर तुमसरचं घर आलं. आई खुर्चीत ताठ बसली होती, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. तिच्या खांद्यावर हात ठेवून मंदार मागं उभा होता. आईला यंत्र जमत नाही म्हणून तो गिरणीवर न जाता घरी थांबला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दाभाड्यांनी अदबीनं विचारलं, "सिस्टर, आपण आपल्या दोन्ही मुलांना सारखं दूध पाजत होता का?"

पुष्पा सिस्टरांनी एकदा मान वळवून मुलाकडं पाहिलं. तो हसला. त्यानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"हो साहेब, सारखंच. वहीत लिहिलंय तसं," त्या म्हणाल्या. "पोरींची छातीच नाजूक असते जन्मापासून. हजारभर बाळंतपणं केली मी, मला ठाऊक आहे." मग त्या मायेनं म्हणाल्या, "मंजू आजकाल फार काम करते. तिला जरा आराम द्या."

सभागृहात कुणीतरी खोकलं. दाभाड्यांनी सिस्टरांच्या सेवेबद्दल त्यांचे आभार मानले, आणि तक्ता आहे तसा ठेवण्याचा ठराव सात विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. ते एक मत समितीत बसणाऱ्या उईकेंचं होतं; मंजिरीला स्वतःच्याच तक्त्यावर मत देता येत नव्हतं.

मंदारनं संध्याकाळी फोन केला. "तुमचं काय चाललंय गं? आई दुपारपासून जेवली नाही. तू काही बोललीस का तिला?"

"नाही," मंजिरी म्हणाली.

*

पुढच्या आठवड्यात ती मोहगावच्या केंद्रावर तपासणीसाठी गेली. तिथल्या सिस्टर वनिता नेवारे यंत्रावर बाळं घेत होत्या. अकरा महिन्यांची एक मुलगी आली. एकसष्ट, हिरवा दिवा. बाळ रडत नव्हतं. वरच्या पंख्याकडं टक लावून पाहत होतं.

मंजिरीनं वनिताला बाजूला केलं, आपला अधिकारक्रमांक घातला आणि नोंदीत 'मुलगी'च्या जागी 'मुलगा' केलं. दिवा लाल झाला. कपाट उघडून तिनं डबा काढला आणि बाळाच्या आईच्या हातात दिला. "रोज तीनदा. हिलाच. दुसऱ्या कुणालाही याचा उपयोग नाही."

पुढची मुलगी आली तेव्हा मंजिरीनं हात लावण्याआधी वनितानंच 'मुलगा' लिहिलं.

परतीच्या वाटेवर मंजिरीनं हिशेब केला. तक्ता गेल्या दोन वर्षांचीच वाचनं धरतो, त्या गटात पन्नास हजार मुलगे आहेत. पाच-सातशे मुली त्यात मिसळल्या तर सरासरी हलणार नाही. तिनं उईकेंना सांगितलं, उईकेंनी दोन केंद्रांना सांगितलं. एवढंच करायचं ठरलं होतं.

पण मुलींचा हिरवा दिवा खोटा आहे, हे सिस्टरांना किती काळ माहीत होतं कोण जाणे. वर्षानुवर्षं हाडकुळ्या मुलींना हिरवा दिवा दाखवून त्यांनी घरी पाठवलं होतं. आता एक वाट सापडली होती. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं बैठकीच्या चहाच्या वेळी चौघींना. सरकारी कागदावर कुठंच काही नव्हतं. दीड वर्षात चार जिल्ह्यांत बावीस हजार मुली मुलगे झाल्या. त्यांच्या नव्या रेघा जाड पडू लागल्या. वनिता मंजिरीला फोन करून आकडे सांगायची. "मॅडम, ती पंख्याकडं बघणारी आठवते? आता आभाळ फाटेल अशी रडते."

हे ऐकून मंजिरी खूप वर्षांनी मोकळं हसली होती.

तक्त्यात मात्र पहिल्या वाचनाचा आकडा धरला जाई, पूरक आहारानंतरचा नाही. ती अट तिनंच घातली होती, उपचारानं माप बिघडू नये म्हणून.

उईके एक दिवस न सांगता तिच्या खोलीत आले. त्यांनी दार लावून घेतलं.

"मुलांची सरासरी शंभरावरून अठ्ठ्याऐंशीवर आली," ते उभ्यानंच म्हणाले. "बावीस हजार उपाशी मुली आपण त्यात ओतल्या. यंत्राला वाटतं, मुलग्यांचं फुप्फुस असंच असतं. मुलग्याला डबा मिळण्याची हद्द पंच्याहत्तरवरून सहासष्टवर आलीय."

"म्हणजे सहासष्ट आणि पंच्याहत्तर यांच्या मधले मुलगे..."

"हिरवे. गेल्या काही महिन्यांत तीन हजार नऊशे जणांना परत पाठवलं. खरोखरचे उपाशी मुलगे आहेत ते. मजुरांचे, वीटभट्टीवरचे."

मंजिरी खाली बसली. "आणि मुली?"

"सगळ्यात बारीक रेघांच्या मुली त्यांच्या गटातून निघून गेल्या. उरल्या त्या बऱ्यापैकी खाल्लेल्या. मुलींची सरासरी नव्वदीला गेली. त्यांची हद्द आता अडुसष्ट." उईकेंनी कपाळ पुसलं. "तक्ते एकमेकांना ओलांडून गेले, मॅडम. दाभाडे साहेब खूश आहेत. मुली मुलांच्या बरोबरीला आल्या म्हणून मिशनचं कौतुक छापून येतंय. डब्यांची मागणीही कमी झाली."

"मी समितीला सगळं सांगते."

"सांगा. मग ते खोट्या नोंदी काढून टाकतील. बावीस हजार मुली परत आपल्या तक्त्यात जातील आणि त्यांतल्या बहुतेकींचे डबे बंद होतील. बऱ्याचजणींची दोन वर्षं अजून व्हायची आहेत." उईके खिडकीकडं वळले. "न सांगितलं, तर हे मुलगे. कुणाला हिरवा दिवा दाखवायचा ते ठरवा. मी आठ दिवस ठरवतोय. मला जमलं नाही."

मंजिरीलाही जमलं नाही. तिनं समितीला लिहायचं पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. रडणाऱ्याला पाजलं जातं, हे आईचं वाक्य तिला आठवे. आता तर रडण्याचाही उपयोग नव्हता, कारण रडणाऱ्याचा आवाजसुद्धा सरासरीत मिसळून जात होता. आईशी ती दीड वर्ष बोलली नव्हती. त्या आठवड्यात पहिल्यांदा फोन उचलून तिनं तुमसरचा क्रमांक फिरवला आणि पलीकडून आवाज आल्यावर काहीच न बोलता ठेवून दिला. तिला विचारायचं होतं, की दोघांमधून एक निवडल्यावर झोप कशी लागते.

शेवटी ती मोहगावला गेली. निदान त्या मुलग्यांना डोळ्यांनी पाहावं म्हणून.

केंद्रासमोर सकाळीच रांग लागली होती. वनितानं पहिलं बाळ यंत्रावर घेतलं. नऊ महिन्यांचा मुलगा, पोट पुढं आलेलं, हातापायांच्या काड्या. आकडा सदुसष्ट. हिरवा दिवा. वनितानं मंजिरीकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

बाळाची आई जागची हलली नाही. वीटभट्टीवरून आलेली, कानशिलाला राख लागलेली, विशीतली बाई. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मंजिरीच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, याले पोरगी म्हणून लिवा नं."

"काय?"

"पोरीले डबा भेटते म्हणतात. पोराले नाही भेटत. मागच्या बारीले माह्या जावेच्या पोराले असंच परत पाठवलं, तो गेला." तिनं बाळाला यंत्रावरून उचललं नाही, उलट त्याचे पाय नीट सरळ केले. "लिवा नं मॅडम. आमी कोणाले सांगत नाही. याचं नाव गणेश आहे, तुमी गौरी लिवा."

सदुसष्ट. मुलींची हद्द अडुसष्ट. दिवा नक्की लाल होणार होता. आणि मुलींची सरासरी, केसाएवढी का होईना, खाली उतरणार होती, आणि पुढच्या कुठल्यातरी खऱ्या मुलीचा डबा त्यामुळं हुकणार होता.

मंजिरीनं गौरी लिहिलं. वनितानं कपाट उघडून डबा दिला. बाई डबा छातीशी धरून वळली आणि रांगेतल्या बायांकडं बघून तिनं मान हलवली.

रांगेत अकरा बाया होत्या. अकराही जणींच्या कडेवर मुलगे होते, आणि प्रत्येकीनं आपल्या मुलासाठी मुलीचं नाव घरूनच ठरवून आणलं होतं.